भाव मागाहून

थर्लो हेनीला मी उभ्या जन्मात कुणाला भाव विचारताना पाहिलं नाही. दुकानात अंडी घेताना विचारायचा नाही, आणि वर्षभराची कमाई ट्रकमध्ये भरून पलीकडे पाठवतानाही विचारायचा नाही. हे मी कौतुकानं सांगतेय असं समजू नका. माझ्या मते ते एक दुखणं होतं. आमच्या बेटाला ते पिढीजात आहे, खरं तर सगळ्या देशालाच आहे, पण थर्लोला ते जास्त भोवलं.

पलीकडे म्हणजे अमेरिकेत. न्यू ब्रन्सविकच्या टोकाला आमचं बेट, आणि समोर साध्या डोळ्यांनी दिसतो तो मेनचा किनारा. त्यामुळे इथे अमेरिका असं कुणी म्हणत नाही. दात दुखला तर पलीकडे जायचं, पेट्रोल स्वस्त झालं तर पलीकडे जायचं, आणि बायको हवी असली तरी पुष्कळांनी ती पलीकडूनच आणलेली. थर्लोची अ‍ॅव्हिस पलीकडचीच.

थर्लो माझा चुलतभाऊ. गल कोव्ह नावाच्या चिंचोळ्या खाडीत आमच्या आजोबांनी लॉबस्टरचा कोंडवाडा बांधला होता, तो पुढे त्याच्याकडे आला. खाडीच्या तोंडाशी खांब रोवून फळ्यांचं कुंपण घातलेलं. भरतीचं पाणी फटींतून आत यायचं, ओहोटीला बाहेर जायचं, लॉबस्टर तेवढे आत राहायचे. नोव्हेंबरात होड्या भरभरून येतात, तेव्हा भाव पडलेला असतो. म्हणून माल जिवंत ठेवायचा, खारवलेले हेरिंग मासे खायला घालायचे, आणि थंडी संपत आली, बॉस्टनची हॉटेलं लॉबस्टरसाठी वखवखली, की बाहेर काढायचा. माझं काम माल निवडायचं. नांग्यांना घातलेली रबरं घट्ट आहेत का ते बघायचं, नाहीतर हे प्राणी एकमेकांना फाडून खातात. लॉबस्टर आणि माझे दीर यांच्यात मला कधी फार फरक वाटला नाही.

बेटावरच्या सात होड्यांचा माल थर्लोकडे यायचा. होड्यांचे तांडेल माल टाकायचे, चहा प्यायचे आणि घरी जायचे. किती मिळतील, कधी मिळतील, एका शब्दानं कुणी विचारायचं नाही. थर्लो तो माल पलीकडे रॉयसकडे पाठवायचा. रॉयस हा अ‍ॅव्हिसचा धाकटा भाऊ, समोरच्या किनाऱ्यावरचा लॉबस्टरचा व्यापारी. त्यालाही थर्लो विचारायचा नाही. माल बॉस्टनला विकला गेला की रॉयस आकडा सांगायचा, थर्लो तो सातजणांत वाटून टाकायचा. माल आधी, भाव मागाहून. रॉयसच्या बापाशी थर्लोच्या बापाचं असंच चालत आलेलं. एका वर्षी एका नव्या तांडेलानं धक्क्यावर उभं राहून विचारलं होतं, "साधारण काय मिळतील?" थर्लोचे कान असे लाल झाले, जणू त्यानं अ‍ॅव्हिसचं वजन विचारलं होतं.

"विचारणं म्हणजे विश्वास नाही असं सांगणं," थर्लो म्हणायचा.

"विश्वास आहे म्हणूनच विचारायला हरकत नसते," मी म्हणायचे.

"ग्वेन, तू रबरं बघ."

माझं नाव ग्वेंडा. मी तोंडाळ म्हणून बेटभर प्रसिद्ध आहे. इथल्या माणसांच्या पायावर कुणी पाय दिला तर हीच 'सॉरी' म्हणतात. मला ते कधी जमलं नाही.

नाताळात रॉयस बायकोला घेऊन फेरीबोटीनं यायचा. टर्की कापायला बसला की त्याचा दरवर्षीचा विनोद ठरलेला. "काय मग, कधी येताय आमच्यात? झेंड्यावर एक तारा जास्तीचा शिवून टाकतो."

थर्लोचं उत्तरही ठरलेलं. "आधी तुमच्या बिअरला चव आणा, मग बघू."

सगळे हसायचे, मीसुद्धा. मग एका हिवाळ्यात पलीकडच्या थोरल्यानं, म्हणजे त्यांच्या राष्ट्राध्यक्षानं, तोच विनोद भर सभेत केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, आमच्याकडून येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर कर लावतो, मग यालच आपोआप. खरं बोलतोय का थट्टा करतोय, हे आमच्या राजधानीतल्या, ओटावातल्या मोठमोठ्या लोकांना कळेना. आमचे मंत्री विमानं पकडून भेटायला गेले, गोड बोलून आले, आणि विमान उतरायच्या आत तिकडून नवीन काहीतरी जाहीर झालेलं असायचं. कधी पहिल्या तारखेपासून कर, कधी महिनाभर स्थगिती, कधी फक्त लाकडावर, कधी सगळ्यावर. नवऱ्याचा मूड बघून चहा टाकणाऱ्या बाईसारखी एका अख्ख्या देशाची अवस्था झाली होती. मला त्याची लाज वाटायची, आणि राग तर इतका यायचा की रेडिओ बंद करून मी अंगणात जाऊन उगाच बर्फ ओढत बसायचे.

गावात झेंडे लागले. कोऑपच्या दुकानात देशी मालावर आमच्या झेंड्यातल्या लाल पानाचे स्टिकर आले आणि पलीकडचा संत्र्याचा रस फळीवरून गेला. बर्फावरच्या हॉकीत अंगावर येणाऱ्याला अडवायला करतात तशी कोपरं वर करा, असं जो तो म्हणायला लागला. कोपरं वर करायला हात मोकळे असावे लागतात. आमच्या हातांत टोपल्या होत्या, आणि त्या टोपल्यांत सात होड्यांचा जिवंत माल होता. जिवंत माल थांबत नाही. वसंतात पाणी कोमट व्हायला लागलं की लॉबस्टरमध्ये रोग शिरतो, शेपटीखाली लाली येते, आणि एकाला आली की कोंडवाडाच्या कोंडवाडा जातो. म्हणजे पाणी तापायच्या आत माल विकला गेला पाहिजे. नाही गेला, तर सात घरांचा हिवाळा बुडाला, आणि थर्लोचा शब्दही.

फेब्रुवारीत अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा झाली. सरकारच्या व्यापार खात्याचा एक तरणा माणूस पडद्यावर चित्रं दाखवायला आला होता. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहू नका, असं तो परोपरीनं सांगत होता.

बर्पी केल्डर मागून ओरडला, "साहेब, लॉबस्टरलाच सांगा की, जपानपर्यंत पोहत जा म्हणावं. तिकीट वाचेल." बर्पी म्हणजे थर्लोचा शाळेपासूनचा दोस्त, सातांतला सगळ्यात जुना तांडेल.

लोक हसले, तो बिचाराही हसला. पण त्यानं एक कामाची गोष्ट आणली होती. हॅलिफॅक्सचा एक व्यापारी विमानं भरून लॉबस्टर चीनला पाठवायचा. त्याला आमचा सगळा कोंडवाडा हवा होता. भाव आधी, लेखी, पैसे धक्क्यावर. चांगल्या वर्षात रॉयस देतो त्याच्यापेक्षा भाव कमीच होता, पण तो कागदावर होता.

सभा सुटल्यावर आम्ही थर्लोच्या स्वयंपाकघरात बसलो. शनिवार होता म्हणून बीन्स आणि काकवी घातलेला पाव होता. बर्पीही होता.

"घेऊन टाक," मी म्हटलं. "तू काय विचार करतोयस?"

"रॉयसला काय सांगू?" थर्लो म्हणाला.

"सांग, तुझा थोरला वेडा झालाय. तू मला आवडतोस, पण माल हॅलिफॅक्सला चाललाय. एवढं सोपं आहे."

अ‍ॅव्हिस पाव कापत होती. तिनं मान वर केली नाही. "माझ्यासाठी काही अडवू नका," ती म्हणाली. ही बाई असं म्हणाली की सगळं तिच्यासाठीच अडतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात थर्लोला कळलेलं होतं.

त्यानं रॉयसला फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. रॉयस जोरात होता. "थांब रे थर्लो! हा नुसता गुरगुरतो, चावत नाही. आमच्याच हॉटेलवाल्यांना लॉबस्टर लागतात, त्यांच्या तोंडातला घास तो काढेल का? बापाच्या वेळेपासून चालत आलंय. मी सांगतो तेव्हा पाठव. तुझं नुकसान मी होऊ देईन?"

"विचार," मी हळूच म्हटलं. "कर लागला तर कोण भरणार, ते विचार."

थर्लोनं फोनवर हात ठेवला. "गप्प बस ना, ग्वेन."

"एक वाक्य आहे, थर्लो."

"तो नाही होऊ देणार म्हणाला ना! आणखी काय विचारायचं?"

"ग्वेन काय म्हणतेय?" पलीकडून रॉयसनं विचारलं.

"काही नाही. पाव झकास झालाय म्हणतेय."

मी बर्पीकडे बघितलं. त्यात त्याचाही माल होता, त्याच्या पोरांचं पोट होतं. तो बीन्स ढवळत राहिला. "थर्लो म्हणेल तसं," तो म्हणाला. बाकीच्या सहाजणांनीही दुसऱ्या दिवशी हेच सांगितलं. हॅलिफॅक्सच्या माणसाला थर्लोनं फोन करून नकार कळवला, त्यात तीनदा सॉरी म्हणाला.

आणि काय सांगू, आठवड्याभरात स्थगिती आली! कर लागणार नाही, निदान सध्या नाही. धक्क्यावर जो तो थर्लोच्या पाठीवर थाप मारायला लागला. बर्पीनं मला डोळा मारला. "तुझं ऐकलं असतं तर ग्वेन, आज चिनी लोकांनी आपले लॉबस्टर स्वस्तात खाल्ले असते."

मी हरले असं मला त्या दिवशी खरंच वाटलं, आणि बरंही वाटलं. पण स्थगिती मिळाल्याबरोबर आमच्या सबंध किनाऱ्यावरच्या कोंडवाड्यांनी माल मुख्य भूमीवरच्या सरहद्दीच्या पुलावरून पलीकडे ढकलला, आणि बॉस्टनच्या टाक्या तुडुंब भरल्या. रॉयस म्हणाला, आता पाठवलास तर मातीमोल जाईल, जरा दम धर. थर्लोनं दम धरला.

दम धरला तेवढ्यात दुसरं दार लागलं. आमच्या सरकारनं आदल्या वर्षी पलीकडच्यांना बरं वाटावं म्हणून चीनच्या मोटारींवर भलामोठा कर बसवला होता. त्याचा वचपा चीननं आता काढला, तो आमच्या मासळीवर. हॅलिफॅक्सची विमानं रिकामी उभी राहिली.

"बेटावर चिनी मोटार कुणी पाहिली तरी आहे का रे?" बर्पीनं विचारलं.

कुणी पाहिली नव्हती. ज्याची मर्जी राखायला ते भांडण ओढवून घेतलं, तो तर आमच्यावरच उलटला होता. असली धोरणं आखणारे लोक चांगले शिकलेले असतात, हे मला माहीत आहे. माझ्या डोक्यात एवढंच यायचं, की आम्ही कुणाशी भांडायचं तेसुद्धा पलीकडे ठरतं, आणि मार मात्र इथे गल कोव्हमध्ये पडतो.

मग पाणी तापायला लागलं. धडधाकट लॉबस्टर हातात घेतला की नांग्या वर करून अंगावर येतो, त्याला बघून बरं वाटतं. त्या सकाळी मी एक उचलला, तर त्यानं नांग्या ओल्या फडक्यासारख्या खाली सोडल्या. उलटा करून बघितला. शेपटीखाली लाली होती. मी तो थर्लोपुढे धरला. त्यानं आणखी चार काढले. त्यांतल्या दोघांचं तसंच होतं. तो फळीवर बसला, हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"रॉयसला सांगतो," तो म्हणाला.

रॉयस म्हणाला, पाठव, सगळा पाठव, भाव असेल तो असेल. पाणबुडे उतरवून, जाळी ओढून आम्ही कोंडवाडा रिकामा केला. रोगट माल वेगळा काढून पुरला. बाकीचा ओल्या समुद्री शेवाळात बांधून ट्रकांत चढवला. सातही तांडेल हात लावायला आले होते, कुणी मजुरीचं नाव काढलं नाही. अ‍ॅव्हिसनं सगळ्यांना हॅडॉक माशाचं दाट सूप करून घातलं. ट्रक फेरीबोटीवर चढले तेव्हा स्थगिती चालू होती.

ट्रक पुलावरच्या रांगेत उभे असताना थोरला उठला आणि म्हणाला, कर आत्तापासून लागू.

ड्रायव्हरनं रांगेतून फोन केला. "थर्लो, हे कस्टमचे साहेब म्हणतात कर भरा नाहीतर मागे फिरा. चांगला माणूस आहे बिचारा, मलाही वाईट वाटतंय म्हणतो. काय करू?"

मागे फिरून काय करणार? कोंडवाड्यात रोग होता, आणि शेवाळातले लॉबस्टर फार वेळ जगत नाहीत. थर्लोनं रॉयसला फोन लावला. मी बाजूलाच उभी होते.

"भरतो मी," रॉयसचा आवाज बसलेला होता. "माझ्या नावावर येतोय माल, मलाच भरावा लागणार. दुसरं करणार काय?"

"बरं," थर्लो म्हणाला. पुढे काहीतरी म्हणायला त्यानं तोंड उघडलं. मी अक्षरशः हात जोडले. तो म्हणाला, "थँक यू, रॉयस," आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी थोरल्यानं मासळीवरचा कर काढून टाकला. का लावला, का काढला, कुणाला ठाऊक. कुठल्या तरी वाहिनीवर कुणीतरी त्याला चिडवलं होतं म्हणे. आमचा माल नेमका त्या दोन दिवसांत पुलावरून गेला. त्यानं आमचं वाईट चिंतलं असतं तर मला समजलं असतं. त्याला आम्ही आहोत हेच माहीत नव्हतं. कूस बदलताना चादरीतला ढेकूण चिरडावा, तसे आम्ही चिरडलो गेलो, आणि तो घोरत राहिला.

नंतर थर्लो भावाची वाट बघत बसला. मे गेला. रॉयसचा फोन नाही. अ‍ॅव्हिस दर रविवारी भावाला फोन करायची, तो वाजून वाजून बंद पडायचा. कोऑपमध्ये एक दिवस गल्ल्यावरची पोरगी तिला गमतीनं म्हणाली, "अ‍ॅव्हिस, तुझ्यावर लाल पानाचा स्टिकर नाही ग, तुलाही फळीवरून काढावं लागणार!" अ‍ॅव्हिस खूप हसली. मग दूध तिथेच विसरून घरी आली, आणि त्यानंतर दुकानात थर्लो जायला लागला.

तांडेलांपैकी एकानंही थर्लोला विचारलं नाही. रस्त्यात भेटले की हात करायचे. धुकं फार आहे आज. होय, फार आहे. उद्या उघडेल बहुतेक. घरोघरी काटकसर सुरू झालेली मला दिसत होती. बर्पीच्या थोरल्या मुलानं होडी सोडली आणि पश्चिमेला तेलाच्या कामावर निघून गेला. तरी बर्पी विचारेना.

मी त्याला धक्क्यावर गाठलं. "अरे, जाऊन विचार ना त्याला! तुझा माल आहे."

"भाव असला तर सांगेलच की तो."

"आणि नसला तर?"

"मग कशाला विचारायचं?" बर्पी म्हणाला. "त्याला आणखी वाईट वाटेल."

मला त्या क्षणी त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. थर्लो रात्री झोपत नाही, हे अ‍ॅव्हिसनं मला सांगितलं होतं. कुणीतरी येऊन शिव्या द्याव्यात म्हणून तो झुरत होता, आणि हे सगळे त्याला वाईट वाटू नये म्हणून लांबून हात करत होते.

जूनमध्ये रॉयस आला. फोन न करता, एकटाच, फेरीबोटीनं. दोन महिन्यांत म्हातारा झाला होता. अ‍ॅव्हिसनं त्याला बघितलं आणि पानं वाढली. त्यानं काटा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"भाव नाही, थर्लो," तो म्हणाला.

त्यानं काटा परत पानाशेजारी ठेवला.

"काहीच नाही. बॉस्टनवाले म्हणाले, दोन दिवस थांबला असतास तर कर नव्हता, तो आम्ही का सोसायचा? त्यांनी कराएवढा भाव तोडला. त्यात अर्धा माल माझ्या टाकीत मेला. बँकेनं गोदाम घेतलं. पोर्टलंडच्या एका बड्या कंपनीनं ते विकत घेतलंय, पाटीसुद्धा बदलली." मग तो बहिणीकडे बघून म्हणाला, "मी मत दिलं होतं त्याला, अ‍ॅव्हिस. तुमच्यावर कर लावेल असं वाटलं नव्हतं ग. दुसऱ्यांवर लावेल असं वाटलं होतं."

अ‍ॅव्हिस उठून सिंकपाशी गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

थर्लो आपल्या पानाकडे बघत होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस टेबल उलथवेल. त्यानं रॉयसच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सॉरी, रॉयस. गोदामाचं फार वाईट झालं."

मी ताटावरून उठले आणि घरी आले.

थर्लो सातही घरी गेला. टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहायचा आणि भाव नाही म्हणून सांगायचा. ट्रक विकला, आजोबांची टेकडीवरची जमीन विकली, आले ते सातजणांत वाटले. घेणारे घ्यायला लाजत होते, त्याला केक खायला घालत होते. कुणी आवाज चढवला नाही. एकानं जरी म्हटलं असतं, 'तू आम्हाला बुडवलंस,' तर त्याला उत्तर देता आलं असतं, रडता आलं असतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या माणसाला इतक्या सभ्यपणे मारलं, की त्याला ओरडायलाही जागा ठेवली नाही.

उन्हाळाभर तो कोंडवाड्याच्या कुंपणावर खपत होता. कुजलेल्या फळ्या काढल्या, नव्या ठोकल्या. तळ खरवडून रोग धुऊन काढला. मी विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, "नोव्हेंबर येतोय ना." मी त्याला काही बोलले नाही. मीसुद्धा त्यांच्यातलीच होते शेवटी.

नोव्हेंबर आला. होड्यांनी सापळे टाकले, आणि पहिला माल घेऊन त्या परतायचा दिवस उजाडला. अ‍ॅव्हिसनं मोठ्या पातेल्यात सूप केलं, परातभर बिस्किटं भाजली. मी रबरांची पेटी घेऊन माझ्या जागेवर बसले. थर्लो धक्क्याच्या टोकाला उभा होता, दाढी करून. ऊन होतं, वारा पडलेला होता, आणि होड्या लांबूनच दिसायला लागल्या.

पहिली होडी खाडीच्या तोंडाशी आली आणि वळली नाही. तांडेलानं हात केला. थर्लोनं हात केला. होडी पुढे मुख्य भूमीच्या बंदराकडे निघून गेली. दुसरी गेली, तिसरी गेली. प्रत्येकानं हात केला, एकानं तर टोपीसुद्धा काढली. सगळ्यात शेवटी बर्पीची आली. तिचा वेग कमी झाला, इंजिनाचा आवाज अगदी हळू झाला, आणि मी रबरांची पेटी उघडली. मग तीही गेली.

थर्लो तिथेच उभा राहिला. अ‍ॅव्हिस दारातून बघत होती. थोड्या वेळानं तिनं पातेल्यावर झाकण ठेवलेलं मला ऐकू आलं.

दुपार कलल्यावर बर्पी चालत आला. होडी आणली असती तर धक्क्याला लावावी लागली असती, म्हणून मुद्दाम चालत आला असावा. तो थर्लोशेजारी उभा राहिला आणि दोघं पलीकडे बघत राहिले.

"माल बरा मिळाला?" थर्लोनं विचारलं.

"बरा मिळाला. मोठे होते."

"पाणी थंड आहे यंदा."

"होय, थंड आहे." बर्पीनं खिशात हात घातले. "त्या पोर्टलंडच्या कंपनीनं बंदरावर माणूस बसवलाय. ट्रक घेऊन उभाच असतो." मग न विचारताच म्हणाला, "भाव कमी दिला, थर्लो. पण आधी सांगितला. हातावर पैसे दिले. घरचे म्हणाले… मी काय करणार? सॉरी."

"बरं केलंस," थर्लो म्हणाला.

तो ते मनापासून म्हणाला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, तो रागानं बोलला असता तर मला कळलं असतं. मला आत कुठेतरी ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर, तेच कळेना. बर्पीवर ओरडून काय उपयोग होता? त्याला घर होतं. आणि ज्याच्यावर ओरडायचं, त्याला आमच्या बेटाचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

बर्पी जायला वळला. थर्लोनं त्याला हाक मारली. त्यानं नव्या फळ्यांकडे बघितलं, आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "त्या कंपनीला लॉबस्टर सांभाळायला माणूस हवाय का रे? काही बोलले का ते?"

बर्पीला त्याच्याकडे बघवेना.

"विचारून बघतो," तो म्हणाला.